‘ओरिजिनल जपान इम्पोर्ट’च्या नावाखाली आलेला नकली डीव्हीडी संच

परदेशातून डीव्हीडीचे बॉक्स सेट मागवणाऱ्यांनी हे जरूर वाचावं. एका जपानी अ‍ॅनिमेशन मालिकेचा संपूर्ण संच मी ऑनलाइन विक्रेत्याकडून घेतला. जाहिरातीत ‘ओरिजिनल जपान इम्पोर्ट’ असं ठळक लिहिलं होतं आणि फोटोही अस्सल संचाचेच होते. प्रत्यक्षात आला तो सरळसरळ पायरेटेड माल.

बॉक्स वरवर पाहता झकास होता. जाड पुठ्ठा, चकचकीत छपाई, वर सेलोफेन. पण मागची बारीक अक्षरं वाचायला गेले तर एक ओळ लागेना. कॉपीराइटची ओळ, निर्मात्यांची नावं, सगळं फुटलेलं. चित्रांवर बारीक ठिपक्यांची जाळी. मूळ वेष्टन स्कॅन करून पुन्हा छापलं की हे असंच दिसतं. वेष्टनावरच्या छोट्या पृथ्वीगोलात रीजनचा, म्हणजे डिस्क जगाच्या कुठल्या भागात चालेल त्याचा, आकडा असतो. जपानी संचावर तो बहुधा २ असतो, इथे होतं ‘ऑल रीजन’. काही अस्सल डिस्कही सगळीकडे चालतात, त्यामुळे एवढ्यावरून निकाल लावता येत नाही, पण शंका घ्यायला तेवढं पुरेसं आहे.

पितळ उघडं पडतं ते साध्या हिशेबात. मालिका २६ भागांची आणि बॉक्समध्ये डिस्क दोनच. भाग साधारण २४ मिनिटांचा धरला तर एका डिस्कवर १३ भाग, म्हणजे पाच तासांहून जास्त चित्रण. एका थराच्या डीव्हीडीत ४.७ जीबी मावतात, दोन थरांच्या डीव्हीडीत ८.५. अस्सल संचात एका डिस्कवर चार-पाच भाग असतात, जपानी संचात बरेचदा त्याहूनही कमी. माझ्या डिस्क कॉम्प्युटरवर तपासल्या, तर दोन्ही ४.७ जीबीच्या निघाल्या. तेरा भाग तिथे कोंबले की दर सेकंदाच्या चित्रणाला जेमतेम २ मेगाबिट माहिती वाट्याला येते, तीही आवाज धरून. डीव्हीडीवर एकट्या चित्रासाठी ९.८ मेगाबिटपर्यंत मुभा असते.

हा आकडा पडद्यावर कसा दिसतो, ते पावसाच्या प्रसंगात कळलं. रात्र, पूल, वरून मुसळधार पाऊस. पावसाच्या सरी दिसण्याऐवजी अख्खं चित्र करड्या चौकोनांत फुटलं, निळ्या आभाळावर पायऱ्या पडल्या आणि चेहऱ्याच्या रेषांभोवती मुंग्या लागल्यासारखी वळवळ सुरू झाली. हाताने रंगवलेल्या त्या पार्श्वभूमीसाठी तर मला हा संच हवा होता! ज्यांनी एकेक चौकट जीव ओतून काढली, त्यांच्या हाती यातला एक पैसा पडत नाही आणि बघणाऱ्यालाही त्यांचं काम दिसत नाही, याचा मला सगळ्यात जास्त राग आहे.

सबटायटल्सचंही तेच. एकाच पात्राचं नाव एका भागात तीन तऱ्हांनी लिहिलेलं, अर्धे संवाद गाळलेले. मुळात जपानच्या बाजारासाठी काढलेल्या डीव्हीडीवर इंग्रजी सबटायटल्स सहसा नसतातच. जपानी संच, वर इंग्रजी आणि चिनी सबटायटल्स, शिवाय भाव अस्सलच्या पासंगालाही न पुरणारा, असं त्रिकूट दिसलं की तिथे थांबा.

आता डिस्क उलटी करून बघा. घरगुती रायटरवर भरलेली डिस्क खालून जांभळट दिसते. कारखान्यात छापलेली चंदेरी. मात्र चंदेरी म्हणजे अस्सल असंही नाही, कारण पायरसीवालेही कारखान्यात डिस्क छापून घेतात. मधल्या भोकाजवळच्या कड्यात बारीक कोरलेला ‘आयएफपीआय’ कोड, म्हणजे डिस्क कुठल्या कारखान्यात बनली त्याची खूण, शोधा. नामांकित कारखान्यांच्या डिस्कवर तो बहुधा असतो. नकली डिस्कवर तो बरेचदा नसतो किंवा मुद्दाम खरवडलेला असतो. माझ्या डिस्क चंदेरी होत्या आणि ते कडं कोरं होतं.

तक्रार केल्यावर विक्रेता आधी गोडीगुलाबीने बोलला. मग थोडी रक्कम परत घेऊन विषय मिटवा म्हणाला. नाही म्हटल्यावर पार्सल स्वतःच्या खर्चाने परदेशात परत पाठवा म्हणाला. शेवटी, ‘आधी तक्रार मागे घ्या, लगेच पूर्ण पैसे पाठवतो.’ हे अजिबात ऐकू नका. बऱ्याच ठिकाणी मागे घेतलेली तक्रार पुन्हा उघडता येत नाही, आणि मुदत उलटून जावी म्हणूनच हे चालढकल करत असतात. बोलणं फोनवर नको, लेखीच ठेवा. मी वेष्टनाचे, कोऱ्या कड्याचे आणि भागांच्या यादीचे फोटो जोडून कार्ड देणाऱ्या बँकेकडे व्यवहारावर हरकत घेतली, तेव्हा कुठे पैसे परत आले.

आता कुठलाही संच घेण्याआधी मी विक्रेत्याकडे डिस्कच्या मागच्या बाजूचा, कडं स्पष्ट दिसेल असा फोटो मागते आणि एकूण डिस्क किती ते लेखी विचारते. ज्याच्याकडे खरा माल असतो तो फोटो पाठवतो. परवाच एकाने ‘सील फोडता येणार नाही’ म्हणून नकार दिला. जाहिरातीत मालिका ५२ भागांची होती आणि डिस्क तीन.