होडीच्या तळाला तांब्याचा रंग: आठ महिन्यांनंतर

होडी गेल्या आठवड्यात वर काढली. खाली आडवा पडून तळावर टॉर्च मारला, तेव्हा आधी बरं वाटलं आणि मग स्वतःचाच राग आला. तळाला काही चिकटू न देण्याचं काम रंगाने केलं होतं, मी माझं नीट केलं नव्हतं.

होडी फायबरची, बावीस फुटी, मागे आऊटबोर्ड इंजीन. मुक्काम मालवणजवळच्या देवबागला, खाडीच्या बाजूला. कर्ली नदी जिथे समुद्राला मिळते तिथून जवळच. ऑक्टोबर ते मे पर्यटकांच्या फेऱ्या, बाकीचे महिने माडाखाली. इतकी वर्षं तळाला साधा इनॅमल मारायचो, वरच्या भागाला मारतो तोच. डिसेंबरात होडीला शेवाळाची दाढी यायची, फेब्रुवारीत बार्नॅकलचे, म्हणजे तळाला चिकटून बसणाऱ्या कवचवाल्या जिवांचे, पांढरे धारदार सुळके. मग पाय कापून घेत पत्र्याच्या तुकड्याने खरवडायचं. लाकडी होड्यांना आमच्याकडे काजूच्या टरफलाचं तेल लावायचे, त्याचा वास अजून नाकात आहे. फायबरला तसलं काही लागत नाही असा समज होता. पोखरणारा किडा फायबरला लागत नाही हे खरं, पण चिकटणाऱ्यांना लाकूड काय नि फायबर काय.

गेल्या सप्टेंबरात पहिल्यांदा तांब्याचा, म्हणजे तांबं मिसळलेला, रंग आणला. कंपनी विचारू नका. एका डब्यावरून कुणाला शाबासकी किंवा शिव्या देण्यात अर्थ नाही. डब्यावर क्युप्रस ऑक्साइड (हेच ते तांबं) लिहिलंय ना आणि रंग झिजणारा आहे की कडक राहणारा, एवढं बघून घ्या. माझा झिजणारा होता. पाण्यात वरचा थर हळूहळू विरघळत जातो, खालचं ताजं तांबं उघडं पडतं, त्याच्यावर बार्नॅकलचं पिल्लू बसायला मागत नाही. किंमत इनॅमलच्या तिप्पट-चौपट. चार लिटरचा डबा उचलला तर सात किलोच्या आसपास भरला. सगळं वजन तळाशी बसलेलं असतं, त्यामुळे काठीने नुसतं वरवर ढवळून चालत नाही. मी पंधरा मिनिटं ढवळलं तेव्हा कुठे विटेसारखा लाल रंग वर आला.

जुना इनॅमल घासून काढला, प्रायमर मारला, मग रोलरने दोन हात, वॉटरलाइनला, म्हणजे पाणी जिथवर लागतं त्या रेषेला, तिसरा. एक सांगतो, आऊटबोर्डच्या पायाला हा रंग लावू नका. तो अॅल्युमिनियमचा असतो. तांबं, अॅल्युमिनियम आणि खारं पाणी एकत्र आलं की अॅल्युमिनियम खाल्लं जातं. घासताना तोंडाला फडकं नाही, चांगला मास्क लावा. ती धूळ विषारी असते.

आता अनुभव. पाण्यात सोडल्यावर दुसऱ्याच आठवड्यात तळावर हात फिरवला तर बुळबुळीत! खरं सांगतो, पैसे पाण्यात गेले असं वाटलं. तपकिरी, शेंबडासारखा थर, बोट ओढलं की लाल रेघ उमटायची. शेजारचे आबा बघायला आले. त्यांची हयात मासेमारीत गेलेली. हसले आणि म्हणाले, "होडी हलवीत रव. बसवन ठेवशीत तर काय लावलंस तरी शेवाळ येतलाच."

त्यांचं बरोबर होतं. या बुळबुळीत मुख्यतः जिवाणू आणि डायटम नावाची सूक्ष्म शैवालं असतात, आणि त्यातल्या काही जाती तांब्याला अजिबात भीक घालत नाहीत. रंग अडवतो तो बार्नॅकल, कालवं, लांब हिरवं गवत. बुळबुळ त्याच्या हद्दीत येत नाही. हे दुकानात कुणी सांगत नाही, डब्यावरचं चित्र तर आरशासारख्या तळाचं असतं. नाताळच्या गर्दीत रोज पाच-सहा फेऱ्या व्हायच्या, तेव्हा थर आपोआप पातळ राहायचा. जानेवारीत इंजीन बिघडलं आणि होडी बारा दिवस जागेवर उभी राहिली, तर थर इतका साचला की पुढच्या फेऱ्यांना पेट्रोल जाणवण्याइतकं जास्त लागायला लागलं. डॉल्फिनच्या फेरीला पाच लिटर लागायचं, ते सहाच्या जवळ गेलं.

उपाय सोपा आहे, फक्त वेळ साधावी लागते. तिथीला पाऊणपट केलं की भरतीची वेळ मिळते. अमावास्या-पौर्णिमेला पंधराची पाऊणपट, म्हणजे सव्वाअकरा. तेव्हा पूर्ण सुकती, म्हणजे ओहोटी, साडेपाचच्या सुमाराला, पहाटे नाहीतर संध्याकाळी. उधाणाच्या सुकतीला होडी वाळूवर टेकते. पाणी गुडघ्याएवढं असतानाच जुन्या सुती लुंगीने तळ पुसायला घ्यायचा. थर ओला असला की फडक्यासरशी निघतो. पूर्ण सुकला की कागदासारखा चिकटतो आणि मग हात खरवडायला धावतो. अष्टमीच्या भांगाला, म्हणजे भरती-ओहोटी कमी असते तेव्हा, पाणी पुरतं उतरतच नाही, त्या वेळी नादाला लागू नका.

माझा हात मार्चमध्ये धावला. वॉटरलाइनला हिरवट पट्टा दिसला. शेवाळ म्हटलं, आणि नारळाचं सोडण घेऊन अर्धा तास घासलं. पाणी लाल झालं तरी थांबलो नाही. नंतर आबांनी त्या पट्ट्यावर बोट फिरवून दाखवलं. बोट घसरत नव्हतं. तो शेवाळ नव्हताच. रंगातलं तांबंच हवा आणि खारं पाणी लागून हिरवं पडलं होतं, देवळातल्या जुन्या घंटेसारखं. तो पट्टा काही बिघडवत नव्हता. मी मात्र तिथला रंग प्रायमरपर्यंत उतरवून ठेवला.

परवा टॉर्चमध्ये काय दिसलं? बाकी सगळा तळ लाल, वर पातळ तपकिरी साय, ओल्या फडक्याने जाईल अशी. आणि उजव्या अंगाला वॉटरलाइनखाली चार कमानी, एकाखाली एक, माझा हात जसा फिरला तशाच. प्रत्येक कमान बार्नॅकलने गच्च भरलेली. कुणी पेरल्यासारखी. खरवडल्यावर त्यांचे पांढरे गोल तळ तसेच चिकटून राहिले, ते घासायला आता दोन दिवस जाणार.

दुसरी चूक मला रंगवतानाच कळायला हवी होती. होडी चार ओंडक्यांवर होती, आणि ओंडक्यांखालचा तळ रंगवायचा राहून गेला. तिथेही चार चौकोन पांढरे, कडा पट्टीने आखल्यासारख्या. रंग काम करतो की नाही याचा यापेक्षा चांगला पुरावा मला कुणी देऊ शकला नसता.

एक गोष्ट मात्र मनात सलते. मार्चमध्ये ते लाल पाणी वाहत गेलं तेव्हा शंभर पावलांवर बायका कालवं फोडत बसल्या होत्या. तांबं बार्नॅकलला नको असतं, तसं कालवालाही नको असतं. पूर्वी याहून जहाल, टिनचा रंग मिळायचा. जुने लोक अजून त्याची आठवण काढतात. फ्रान्समधल्या आर्काशोंच्या खाडीत त्या रंगाने कालवांचे शिंपले वेडेवाकडे वाढले, त्यांचं पीक बुडालं, आणि 1982 मध्ये तिथे लहान बोटींना तो रंग बंद केला. जगभरच्या जहाजांसाठी बंदीचा करार 2008 मध्ये लागू झाला. आपल्याला तांबंच वापरायचं आहे, पण ते पाण्यात मुद्दाम घासून उधळायचं नाही, एवढं तर आपल्या हातात आहे. पुढचं घासकाम जमिनीवर, खाली ताडपत्री घालून.

परत घेईन का? घेईन. खाडीत उभी राहणारी, रोज फिरणारी फायबरची होडी असेल तर हा खर्च पेट्रोलमध्ये आणि खरवडायच्या मजुरीत वसूल होतो. महिनोन्महिने नुसती बांधून ठेवणार असाल तर नका घेऊ, तेवढ्या पैशात ती वर काढून ठेवा. आणि पावसात खाडी गोडी झाली की बार्नॅकल मरतो, म्हणून होडी पाण्यातच ठेवायची कल्पना सोडून द्या. मेला तरी त्याचं कवच तिथेच राहतं, खरवडायचं ते खरवडावंच लागतं.

यंदा पहिला हात वाळला की ओंडके हातभर सरकवून दुसरा मारणार. उरलेला लिटरभर रंग पडवीत आहे. तळाशी दगड होऊ नये म्हणून डबा उलटा ठेवलाय, आणि दर अमावास्येला सुलटा-उलटा करायचं काम मुलाकडे दिलंय.