रीपर, आठ महिन्यांनंतर : रूपकाची सम आणि साठ डॉलर

आषाढी एकादशीला नऊ दिवस उरले होते, भजनी मंडळाचे सहा अभंग रेकॉर्ड होऊन मिक्सची वाट पाहत पडले होते, आणि अशा वेळी माझ्या जुन्या रेकॉर्डिंग-मिक्सिंगच्या सॉफ्टवेअरने वार्षिक वर्गणीची खातरजमा होईपर्यंत एकही प्रोजेक्ट उघडणार नाही, असे जाहीर केले. वर्गणी मी भरलेली होती आणि पावतीही होती. परंतु कंपनीच्या ग्राहकसेवेने पाच दिवसांत चार वेळा तेच ठरावीक उत्तर पाठवण्यापलीकडे काही केले नाही. त्या कंपनीचे नाव येथे घेत नाही. आपल्याच खोलीत, आपल्याच माइकवर रेकॉर्ड केलेले अभंग आपल्यालाच ऐकता येऊ नयेत, याचा संताप मात्र अजून गेलेला नाही.

सुदैवाने फोल्डरमध्ये मूळ वेव्ह फाइली शाबूत होत्या. त्याच रात्री मी रीपर हे तशाच कामाचे दुसरे सॉफ्टवेअर उतरवून घेतले, त्या फाइली एकेक करून आत आणल्या आणि तबल्याच्या पहिल्या थापेशी गायन, पेटी व टाळ जुळवत पहाटेपर्यंत बसलो. अभंग एकादशीपूर्वी मंडळाच्या हाती पडले. निवड म्हणावी असे यात काही नव्हते. घर जळताना समोरच्या दारातून बाहेर पडावे तसा मी रीपरमध्ये शिरलो.

पहिल्या महिन्याअखेर वहीत लिहिलेला शेरा असा होता : ‘स्वस्त आहे, पण रूक्ष आहे.’ एका उजव्या क्लिकवर उघडणारी मेनूची यादी पाहिली की सरकारी कार्यालयातील नोटीस बोर्ड आठवतो. सोबत वाद्यांचे म्हणावे असे आवाज येत नाहीत. मला त्याची फारशी झळ बसली नाही, कारण माझ्याकडे पेटी, तबला आणि गळा येतात आणि तानपुरा मी वेगळा रेकॉर्ड करतो. पण सिंथेसायझरवर अवलंबून असणाऱ्याने हा खर्च वेगळा धरावा. उलट आवाजाचा पोत बदलणारा इक्वलायझर, आवाजातले चढउतार आवरणारा कॉम्प्रेसर आणि खरखर कमी करणारे रीआफिर हे सगळे आतच मिळते. रीआफिरला पंख्याची दोन सेकंदांची घरघर ऐकवून ती संपूर्ण टेकमधून, म्हणजे एका दमात केलेल्या रेकॉर्डिंगमधून, वजा करता येते. मे महिन्यातल्या एका जुन्या टेकवर मी ते हौसेने इतके चालवले की गायिका विहिरीतून गात असल्यासारखी वाटू लागली. आता मी पंखाच बंद ठेवतो.

पैशांचे सांगतो, कारण ते सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही. साठ दिवस संपूर्ण सॉफ्टवेअर फुकट वापरता येते. त्यानंतर वैयक्तिक वापरासाठी, किंवा ज्याच्या व्यवसायाची वार्षिक उलाढाल 20,000 डॉलरच्या आत आहे अशाला, परवाना 60 डॉलरला मिळतो. मोठ्यांसाठी तो 225 डॉलरला आहे आणि दोघांना मिळणारे सॉफ्टवेअर एकच असते. सातव्या आवृत्तीसाठी घेतलेला परवाना आठवी आवृत्ती संपेपर्यंत चालतो. साठ दिवसांनंतर सॉफ्टवेअर बंद पडत नाही; सुरुवातीला एक खिडकी येते आणि आपण अजूनही चाचणीच घेत आहोत काय, असे शांतपणे विचारते. ती खिडकी पाहून मला दररोज उधारीच्या दुकानासमोरून जाताना वाटते तसे वाटू लागले, म्हणून गणेशोत्सवाच्या सुमारास पैसे भरून टाकले. हे सॉफ्टवेअर बनवणाऱ्या जस्टिन फ्रँकेलनेच पूर्वी विनअँप बनवले होते, हे नंतर कळले. त्या विनअँपवर मी कित्येक वर्षे फुकट गाणी ऐकली असल्यामुळे जुनी बाकीही फिटली असे मानतो.

आता ज्या गोष्टीने माझे डोके सर्वाधिक खाल्ले ती गोष्ट, म्हणजे मेट्रोनोम : रेकॉर्डिंग करताना लय धरण्यासाठी हेडफोनमध्ये वाजणारी टिकटिक, म्हणजेच क्लिक. भजनी ठेक्याच्या आठ मात्रांत चार-चारचा पाश्चात्त्य क्लिक निमूट बसतो, त्यामुळे पहिले तीन महिने मला काही खटकले नाही. ऑक्टोबरात रूपक या सात मात्रांच्या तालातल्या एका गझलेचे काम आले आणि पहिल्याच आवर्तनाला, म्हणजे तालाच्या पहिल्याच फेरीला, आमच्या तबलजी काकांनी हेडफोन काढून ठेवला. “अहो, रूपकाची सम खाली असते. तिथे मी हलकेच ‘तीं’ वाजवतोय आणि ही तुमची टिकटिक नेमकी तिथेच किंचाळतेय. मी कोणाचं ऐकू?” काकांचे म्हणणे शंभर टक्के बरोबर होते. सम म्हणजे आवर्तनाची पहिली मात्रा, आणि खाली म्हणजे जिथे टाळी न वाजवता हात मोकळा सोडतात ती मात्रा; रूपकात या दोन्ही एकाच जागी येतात. तीन-दोन-दोन अशा सात मात्रांत जोर चौथ्या आणि सहाव्या मात्रेवरच्या टाळीला येतो. क्लिकची समजूत मात्र अशी असते की पहिला ठोका म्हटला की तो मोठाच हवा.

येथे माझे मत बदलू लागले. रीपरमध्ये जोरदार आणि हलक्या ठोक्यांचा क्रम आपल्याला लिहून देता येतो, दोन्हींचे आवाज वेगवेगळे ठरवता येतात, आणि मूळ टिकटिकीच्या जागी स्वतःची ध्वनिफाइल बसवता येते. मी टेबलावर बोटाने मारलेली टिचकी पहिल्या ठोक्याला दिली, तिचा आवाज कमी केला आणि क्लिक पुन्हा काकांच्या कानात सोडला. त्यांनी दोन आवर्तने ऐकली, हेडफोन नीट बसवला आणि काही न बोलता ‘तीं तीं ना’ सुरू केले. जुन्या सॉफ्टवेअरमध्ये मी सहा वर्षे वर्गणी भरली. ही सोय तिथे होती की नव्हती हे शोधावेसेदेखील मला कधी वाटले नाही, हेही कबूल करतो.

दहा मात्रांच्या झपतालाने मात्र पुन्हा नाकी नऊ आणले. प्रत्येक खंडाच्या आरंभी जोर दिला तर पहिली आणि सहावी मात्रा कानाला सारखीच लागते आणि गाणारा सहावीवरच्या खालीलाच सम समजतो. फक्त पहिलीवर जोर दिला तर दोन-तीन-दोन-तीनची चाल हरवते. शेवटी क्लिकचा नाद सोडून मी वेगळ्या ट्रॅकवर स्वतःच्या हाताने टाळी रेकॉर्ड केली. पहिली, तिसरी आणि आठवी मात्रा टाळीने, मधल्या मात्रा टिचकीने, आणि सहावीवर निव्वळ शांतता. दहा मात्रांचा तो तुकडा ओढून हवा तितका लांबवता येतो आणि लय बदलली तर त्याला त्यामागे ताणताही येते.

एक इशारा देणे भाग आहे. रिपल एडिटिंगची, म्हणजे एखादा तुकडा कापला की त्यापुढचे सारे आपोआप मागे ओढून मोकळी जागा भरण्याची, तीन स्थितींची एक कळ आहे : बंद, एका ट्रॅकपुरती आणि सर्व ट्रॅकसाठी. डिसेंबरात ती दुसऱ्या स्थितीत राहिल्याचे माझ्या ध्यानात आले नाही. दोन अंतऱ्यांच्या मध्ये काकांनी हातोडीने तबला मिळवला होता, तेवढे साडेतीन सेकंद मी तबल्याच्या ट्रॅकमधून कापले आणि त्यापुढचा सगळा तबला गाण्याच्या साडेतीन सेकंद आधी वाजू लागला. दोन दिवसांनी शेवटचा अंतरा ऐकताना घाम फुटला. चूक सर्वस्वी माझी होती. मूळ वेव्ह फाइलींना धक्का लागलेला नव्हता आणि आदल्या सेव्हची बॅकअप फाइल शेजारीच पडलेली होती, त्यामुळे पंधरा मिनिटांत सारे पूर्ववत झाले.

प्रोजेक्टची फाइल साध्या मजकुराची असते, याचाही उपयोग झाला. जानेवारीत बाहेरच्या डिस्कचे ड्राइव्ह अक्षर बदलले आणि त्या डिस्कवरचे ट्रॅक सापडेनासे झाले, तेव्हा मी प्रत नोटपॅडमध्ये उघडून जुना पत्ता नव्याने बदलला. ट्रॅकची नावे मी देवनागरीतच लिहितो आणि ती तशीच दिसतात.

सध्या तीनताल, झपताल आणि रूपक यांचे टेम्प्लेट तयार आहेत. तीनतालात नववी मात्रा, म्हणजे खाली, कोरी आहे. दीपचंदीच्या चौदा मात्रांचे काम बाकी आहे. टाळ्या वाजवायला काकांना येत्या रविवारी बोलावले आहे.