स्टार्टर की क्लोझर?

मेजर लीग बेसबॉलमध्ये पिचरने (चेंडू टाकणाऱ्याने) स्टार्टर (सामन्याची सुरुवात करणारा) व्हावं की क्लोझर (शेवटी येऊन आघाडी राखणारा), हे बरेचदा त्याच्या भात्यात किती प्रकारचे चेंडू आहेत यावर ठरतं. स्टार्टर साधारण दर पाचव्या दिवशी उतरतो आणि 80-100 चेंडू टाकतो. तोच फलंदाज तिसऱ्यांदा समोर आला की त्याला अंदाज आलेला असतो. म्हणून फास्टबॉलच्या जोडीला स्लायडर (आडवा वळणारा), चेंजअप (फास्टबॉलसारखा भासणारा पण संथ) असे तीन तरी भरवशाचे चेंडू हवेतच. क्लोझरची बहुधा नऊपैकी एकच इनिंग, 15-20 चेंडू. त्याला दोन प्रकार पुरतात. 1995 मध्ये स्टार्टर म्हणून जम न बसलेल्या मारियानो रिव्हेराने पुढे मुख्यतः एका कटरच्या (शेवटी किंचित वळणाऱ्या वेगवान चेंडूच्या) जोरावर 652 सेव्ह (निसटती आघाडी राखून संपवलेले सामने) केले!

पण क्लोझरचं काम हलकं समजू नका. लागोपाठ दोन दिवस उतरावं लागतं. शिवाय बुलपेनमध्ये (राखीव पिचरच्या सरावाच्या जागेत) चेंडू टाकून अंग गरम करून नुसतं बसून राहिलं, तरी खांद्यावर ताण येतोच. ते चेंडू धावफलकावर दिसत नाहीत.

जॉन स्मोल्ट्झने दोन्ही करून दाखवलं. 2000 मध्ये कोपराची टॉमी जॉन शस्त्रक्रिया (फाटलेल्या अस्थिबंधाच्या जागी दुसरा बसवणं), 2002 मध्ये क्लोझर म्हणून 55 सेव्ह, 2005 पासून पुन्हा स्टार्टर. एकूण 213 विजय, 154 सेव्ह.

पैशाचं म्हणाल तर लांब मुदतीचे मोठे करार बहुतेक स्टार्टरच्याच पदरात पडतात.