आजाऱ्याच्या उशाशी ठेवावे असे मोठ्या टाइपाचे पवित्र शास्त्र

भारतीय बायबल सोसायटीने प्रकाशित केलेली मोठ्या अक्षरांची मराठी पवित्र शास्त्राची, म्हणजे बायबलची, प्रत आमच्या घरात आहे, आणि आमच्या चर्चच्या मंडळीतील आजारी व शोकग्रस्त कुटुंबांना भेटायला जाताना मी तीच सोबत नेतो. अशा घरांतून वापरताना ही प्रत कितपत उपयोगी पडते, एवढ्याच दृष्टीने हे परीक्षण लिहीत आहे.

दुःखात असलेल्या माणसाला आपण बहुधा निवडक वचनांचे कॅलेंडर, भिंतीवरची चौकट किंवा वचनांच्या चिठ्ठ्यांची पेटी भेट देतो. त्यामागचा हेतू प्रेमाचाच असतो, परंतु संदर्भातून उचललेले वचन आजाऱ्याला पुष्कळदा पेलत नाही. बायबलमधील यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकाच्या 29व्या अध्यायातील 11वे वचन कितीतरी ख्रिस्ती घरांच्या भिंतींवर आहे. देवाचे संकल्प हिताचे आहेत आणि ते आशा देणारे आहेत, असे ते सांगते. पूर्ण शास्त्र उघडले म्हणजे कळते की हे वाक्य यरुशलेमेहून बाबेलला (बॅबिलोनला) पकडून नेलेल्या लोकांना लिहिलेल्या पत्रातले आहे, आणि त्याच्या अगोदरच्याच वचनात 70 वर्षांची मुदत सांगितलेली आहे. म्हणजे हे पत्र ऐकणाऱ्यांपैकी अनेकांना परतीचा दिवस दिसणार नव्हता. तरीही परक्या मुलखात घरे बांधा, मळे लावा, मुलाबाळांची लग्ने करा, असे त्यांना सांगितले गेले. देवावरच्या भरवशाने मिळणारी आशा ती हीच, आणि ती चौकटीत मावत नाही. म्हणून भेट द्यायचीच असेल तर संपूर्ण ग्रंथ द्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

या प्रतीचा सर्वांत मोठा गुण तिची अक्षरे हाच आहे. मोतीबिंदू झालेल्या किंवा औषधांनी डोळ्यांवर झापड आलेल्या माणसालाही ओळीखाली बोट धरून स्वतः वाचता येते, आणि स्वतः वाचणे व दुसऱ्याने वाचून दाखवणे यांत फार अंतर आहे. आमच्या मंडळीतील एका मावशींना शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी भेटायला येणारा प्रत्येक जण ‘विश्वास ठेवा, सगळे ठीक होईल’ असे सांगून जात होता आणि त्या नुसती मान हलवत होत्या. मी त्यांच्यासमोर स्तोत्रसंहिता या बायबलमधील पुस्तकातले 88वे स्तोत्र उघडून ठेवले. हे स्तोत्र अंधारातच संपते. शेवटी दिलासा येत नाही. मावशींनी ते हळूहळू वाचले, पुन्हा पहिल्या वचनावर गेल्या आणि म्हणाल्या, ‘असंसुद्धा शास्त्रात आहे होय? मग मीही देवाला असंच सांगते.’ त्यानंतर त्यांनी केलेली प्रार्थना तक्रारीने भरलेली होती, पण ती देवालाच उद्देशून होती, आणि माझ्या मते भरवसा म्हणतात तो हाच.

स्तोत्रसंहितेतील 150 स्तोत्रांत विलापाची स्तोत्रे विपुल आहेत, आणि मोठ्या टाइपात ती सलग वाचता येतात याचे मोल मला फार वाटते. 13वे स्तोत्र ‘कोठवर?’ या प्रश्नाने सुरू होऊन सहाव्या वचनापर्यंत गायनाला पोहोचते. विलापगीत या पुस्तकाच्या तिसऱ्या अध्यायात यरुशलेमेच्या विध्वंसाचे कडू शब्द वीस वचने चालल्यानंतर मग कुठे देवाच्या दयेची आठवण येते, आणि ती दया रोज सकाळी नवी होते असे कवी म्हणतो. हबक्कूक संदेष्ट्याच्या पुस्तकाचा शेवट तर आपल्याकडच्या दुष्काळी भागातील शेतकऱ्याला समजावून सांगावा लागत नाही: शेतात पीक नाही, गोठ्यात गुरे नाहीत, तरी मी परमेश्वराच्या ठायी आनंद करीन.

भाषेविषयी मात्र थोडे लिहिले पाहिजे. अनुवाद प्रौढ आणि भारदस्त आहे. मोठ्याने वाचताना त्याला सुंदर लय येते, पण लहान मुलांना आणि कमी शिकलेल्या श्रोत्यांना काही वाक्ये उलगडून सांगावी लागतात. ही अडचण जुनीच आहे. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये 1896-97च्या दुष्काळातून आणलेल्या मुलींना आधार देणाऱ्या पंडिता रमाबाईंनी सामान्य बायकांना कळावे म्हणून हिब्रू व ग्रीक शिकून सोप्या मराठीत संपूर्ण बायबलचा अनुवाद केला. 1921 साली त्यांची एकुलती एक मुलगी मनोरमा वारली, तरी त्यांनी ते काम सोडले नाही आणि 5 एप्रिल 1922 रोजी मृत्यू येण्यापूर्वी ते पुरे केले. आशेविषयीचे शास्त्रातील शब्द या बाईंनी कोणत्या अवस्थेत तपासले असतील, याचा विचार वाचकाने जरूर करावा.

विकत घेणाऱ्यांसाठी दोन सूचना. या प्रतीत 66 पुस्तके आहेत. कॅथलिक वाचकांना 73 पुस्तकांचे बायबल हवे असल्यास त्यांनी आपल्या धर्मगुरूंना विचारून घ्यावे. दुसरे असे की मोठ्या टाइपाचा ग्रंथ जड असतो आणि निजलेल्या माणसाला तो छातीवर धरून वाचता येत नाही, म्हणून पलंगावर ठेवायचे तिरपे लाकडी वाचनपीठ सोबत घ्यावे. नवा करार व स्तोत्रसंहिता एवढेच असलेली छोटी प्रत रुग्णालयासाठी सोयीची असते, पण तिच्यात विलापगीत व हबक्कूक नसतात. ती नेणाऱ्यांनी त्यांतले वर सांगितलेले दोन उतारे मोठ्या अक्षरांत हाताने लिहून मुखपृष्ठाच्या आत ठेवावेत.