गावातली मिनी डाळ मिल: तूर भरडून घ्यावी की विकून डाळ आणावी?

विदर्भातल्या मूर्तिजापूर, कारंजा, दारव्हा या पट्ट्यात मिनी डाळ मिल आता नवलाची राहिली नाही. कुठे बचत गटाची, कुठे एखाद्या पोराने घरच्या टिनाच्या शेडात टाकलेली. मशीन बहुतेक ठिकाणी अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाने तयार केलेल्या धर्तीचं: एमरीचा (सँडपेपरसारखा खरखरीत) रोलर, खाली चाळण्या आणि सिंगल फेजवर चालणारी मोटर. तासाला साधारण क्विंटलभर तुरीचा एक हात, म्हणजे एक फेरी, निघतो. हे परीक्षण मशीनचं नाही, सेवेचं आहे. आपली तूर नेऊन दिली, पैसे मोजले आणि डाळ घरी आणली, तर त्यात कोणाचं भलं होतं आणि कोणाचं होत नाही, हा प्रश्न.

आधी उतारा, म्हणजे शंभर किलो तुरीमागे पडणारी डाळ, पाहू, कारण सगळा हिशेब त्याच्यावर उभा आहे. शंभर किलो तुरीत टरफल वगळून डाळीजोगा भाग ८५ किलोच्या आसपास असतो. तेवढी डाळ कोणत्याच मिलमध्ये पडत नाही. काही तुकडा होतो, काही पीठ होऊन उडतं. गावच्या मिलवर ७० किलो पडली तर काम चोख झालं समजा. ६५ च्या खाली गेली तर दोष तुरीत आहे की मिलवाल्यात, हे शोधायला हवं. निम्म्या वेळा तो तुरीतच सापडतो.

तूर, मूग आणि उडीद यांचं टरफल दाण्याला डिंकाने चिकटवल्यासारखं घट्ट बसलेलं असतं. म्हणून तूर थेट भरडली की दाणा फुटतो आणि टरफल तसंच राहतं. यासाठी पहिल्या फेरीत रोलरवर फक्त चरे पाडतात. मग क्विंटलला अर्ध्या किलोच्या आत खायचं तेल हाताने चोळतात आणि ढीग रात्रभर झाकून ठेवतात. चऱ्यांतून तेल आत शिरतं. दुसऱ्या दिवशी दोन-तीन लिटर पाण्याचा हबका मारून पुन्हा मुरू देतात आणि मग ताडपत्रीवर किंवा सिमेंटच्या खळ्यावर दोन ते तीन उन्हं देतात. दाणा फुगून परत आकसला की टरफल सुटं होतं. त्यानंतरच्या फेरीत टरफल निघून गोटा (सोललेला अख्खा दाणा) आणि डाळ मिळते. उरलेला गोटा पुन्हा फिरवतात.

गडबड होते ती इथेच. वाळवण कच्चं राहिलं की गोटा फुटत नाही, फेऱ्या वाढतात आणि प्रत्येक फेरीत डाळीच्या कडा झिजून पीठ होतं. परीक्षा सोपी आहे: दाणा दाताखाली कडकन तुटला पाहिजे, दबला तर अजून एक ऊन द्या. दुसरी चूक म्हणजे बारीक आणि टपोरी तूर एकत्र आणणं. रोलर आणि जाळीतलं अंतर एकच असतं. टपोऱ्या दाण्याला ते बसवलं तर बारका दाणा टरफलासकट निसटतो, बारक्याला बसवलं तर टपोरा भरडला जातो. लाल आणि पांढरी तूर मिसळली तरी बहुधा हेच होतं. घरून निघण्याआधी दोन चाळण्यांतून काढून वेगवेगळ्या पोत्यांत भरा. हडंब्यातून (मळणीयंत्रातून) आलेली तूर तशीच नेली तर खडे आणि काड्या रोलर खातो, आणि मिलवाल्या काकू सुनावतात ते वेगळंच.

आता पैसा. खरीप २०२५-२६ साठी तुरीचा हमीभाव क्विंटलला ८,००० रुपये. मिलची मजुरी गावोगाव वेगळी. हिशेबापुरती किलोला ८ रुपये धरू, म्हणजे क्विंटलला ८००. ने-आण १०० रुपये. झाले ८,९००. चुनी (भरडताना झालेलं पीठ आणि बारीक चुरा) आणि टरफल मिळून २४ किलो परत आलं आणि ढोरांसाठी ते किलोला २० रुपये भावाने विकत घ्यावं लागलं असतं असं धरलं, तर ४८० रुपये वजा. राहिले ८,४२०, भागिले ७० किलो डाळ: किलोला १२० रुपये. उतारा ७० ऐवजी ६६ पडला तर हाच आकडा १२६ वर जातो. किराणा दुकानातली तशाच प्रतीची डाळ १२० च्या खाली मिळत असेल तर तूर विका आणि डाळ विकत आणा. घरची डाळ म्हणून कौतुक करण्यात काही अर्थ नाही. तूर बाजार समितीत हमीभावाच्या खाली जात असेल तर मात्र ८,००० च्या जागी मिळणारा खरा भाव टाका. ७,००० टाकून पाहा, डाळ सुमारे १०६ रुपयांना पडते आणि निर्णय उलटतो.

या हिशेबात एक रक्कम बहुतेक जण धरतच नाहीत: वाळवणाचे दिवस. कित्येक मिल पहिली फेरी करून, तेल लावून तूर परत देतात आणि घरी वाळवून आणा म्हणतात. म्हणजे घरातलं एक माणूस दोन दिवस ताडपत्रीपाशी. पाखरं हाकायची, बकऱ्या हाकायच्या, दोन-दोन तासांनी हात फिरवायचा, आभाळ आलं की गोळा करायचं. जानेवारीत याच दोन दिवसांत पऱ्हाटीत कापूस फुटलेला असतो. बाई दिवसाला ४० किलो वेचते आणि वेचाई किलोला १० रुपये आहे असं धरलं, तर दोन दिवसांचे ८०० रुपये बुडाले. डाळ १२० वरून १३२ रुपयांना पडली. तेच दोन दिवस एप्रिलमध्ये काढले, जेव्हा वावर रिकामं आणि हाताला काम नाही, तर बुडालं जवळपास शून्य. वर ऊन कडक, तीन उन्हांचं काम दोनात. मिल तीच, मजुरी तीच, बाई तीच. डाळीची खरी किंमत किलोमागे अकरा-बारा रुपयांनी हलली, कारण तिच्या दिवसाला दुसरीकडे मिळणारं मोल बदललं.

म्हणून जानेवारी-फेब्रुवारीत जायचंच असेल तर वाळवणासकट काम घेणारी मिल शोधा, किलोला दोन रुपये जास्त मागितले तरी. क्विंटलला २०० जास्त जातात, ८०० वाचतात. मिलच्या खळ्यावर एकच बाई दहा घरांच्या तुरीकडे लक्ष ठेवते. दहा घरांतल्या दहा बाया दोन दिवस बसण्यापेक्षा हे केव्हाही स्वस्त. एप्रिलपर्यंत थांबायचं असेल तर दुसरी काळजी आहे: अख्ख्या तुरीला भुंगेरा लागतो आणि पोखरलेल्या दाण्याची डाळ पडत नाही, चुरा पडतो. डाळीला तो भुंगेरा एवढा धरत नाही. तेव्हा तूर साठवण्याआधी कडक वाळवून घट्ट झाकणाच्या कोठीत भरा.

मिलच्या आतली कामवाटणी बघितली की ती चांगली चालेल की नाही ते लगेच कळतं. जिथे एकच माणूस काटा करतो, तेल चोळतो, रोलर सांभाळतो आणि पैसेही घेतो, तिथे रोलर अर्धा वेळ रिकामा फिरतो आणि तुमचं पोतं तीन दिवस पडून राहतं. चांगल्या मिलवर रोलरपाशी बसलेला माणूस दुसऱ्या कशाला हात लावत नाही. यावर काही गटांत कुरबूर असते: रोलरवाल्या दादाचा हात चाळणीवरही सगळ्यात चपळ, मग तो रोलरपाशीच बसून का राहतो? हिशेब करा. समजा दादा तासाला दोन क्विंटल चाळतो आणि काकू दीड. रोलरवर दादा तासाला एक क्विंटल काढतो, काकू अर्धा. दादा दोन्हींत वरचढ. पण त्याने एक क्विंटल चाळला की अर्धा क्विंटल भरडाई बुडते. काकूंनी चाळला तर फक्त एक तृतीयांश. चाळणी काकूंकडेच हवी, आणि त्यात कोणाचाही अपमान नाही.

इंग्रज अर्थतज्ज्ञ डेव्हिड रिकार्डोने १८१७ मध्ये हेच दोन देशांवर मांडलं होतं. त्याच्या उदाहरणात ठरावीक दारू बनवायला पोर्तुगालला वर्षभर ८० माणसं लागतात आणि कापडाला ९०. इंग्लंडला दारूला १२० आणि कापडाला १००. इंग्लंड दोन्हींत मागे, तरी त्याने कापड करावं आणि दारू पोर्तुगालकडून घ्यावी, दोघांचाही फायदा. अकोल्याच्या मोठ्या मिलपुढे गावची मिल अशीच सगळ्यात मागे आहे: सफाईत, उताऱ्यात, डाळीच्या चकाकीत, पॅकिंगमध्ये. फटका (चकचकीत, वरच्या प्रतीची) डाळ कट्ट्यांत भरून नागपूरला पाठवायला निघालेले गट म्हणूनच अडचणीत येतात. पन्नास किलोची तूर वेगळी ठेवून, त्याच घरची डाळ त्याच घराला, पॉलिश न करता देणं हे मोठ्या मिलला झेपत नाही, कारण तिथे एवढ्याशा मालासाठी मशीन थांबवणं महाग पडतं. तिथे गावची मिल सगळ्यात कमी मागे आहे. गिऱ्हाईक दारात येऊन विचारतं तेही हेच: “आमची तूर आमालेच भेटन ना, बाई?” याचं उत्तर ज्या मिलकडे नाही, पोत्याला चिठ्ठी नाही, वहीत नोंद नाही, तिथे जाऊ नका.

देशांच्या बाबतीत मात्र रिकार्डोचं गणित आपल्या भागात कडू लागतं. २०१५ मध्ये तूरडाळ किलोला दोनशे रुपयांच्या घरात गेली, आणि २०१६ मध्ये भारताने मोझांबिकशी तूर आयातीचा करार केला. पुढच्या हंगामात इथेही तुरीचं पीक अमाप आलं आणि भाव ५,०५० रुपयांच्या हमीभावाखाली घसरला. डाळ खाणाऱ्याला फायदा झाला, नाकारता येत नाही. तो फायदा दर्यापूरच्या तूरवाल्याच्या खिशातून किती गेला, हे कोणी मोजून त्याला परत देत नाही. एकूण बेरीज वाढते एवढंच ते गणित सांगतं. वाटणी कशी होईल ते सांगत नाही.

गुण द्यायचे तर वाळवणासकट काम, चिठ्ठी लावलेली पोती आणि चुनी न मागता परत, अशा मिलला पाचपैकी चार. वाळवण तुमच्या गळ्यात टाकणाऱ्या मिलला हंगामात दोन, उन्हाळ्यात साडेतीन. एक गुण सगळ्यांचाच कापला आहे, तो विजेसाठी. व्होल्टेज उतरलं की रोलरचा वेग पडतो, टरफल राहतं आणि फेरी वाया जाते. ज्यांना हे कळतं ते काम थांबवतात. बाकीचे तुमच्या डाळीवर प्रयोग करतात. दुसरी उणीव म्हणजे रोलर लावता येणारा माणूस गावात एकच असतो. तो लग्नाला गेला की मिल बंद, म्हणून तूर न्यायच्या आदल्या दिवशी फोन करा.

नेताना किमान ५० किलो न्या, त्याच्या खाली मिलवाले दुसऱ्याच्या मालात मिसळतात. स्वतःच्या काट्यावर तूर मोजून न्या आणि येताना डाळ, चुरी (डाळीचा तुकडा), चुनी, टरफल वेगवेगळं मोजून घ्या. चारही मिळून शंभराला ९५ च्या वर भरायला हवं. खराब झालेला रोलर हाताला गुळगुळीत लागतो, बंद असताना बोट फिरवून बघा. हरभऱ्याचं टरफल सैल असतं, त्याला तेलाची गरज नाही, आणि त्याची डाळ याच मिलवर कमी फेऱ्यांत पडते. तुरीसाठी रांग असेल तर आधी हरभरा काढून घ्या. मूग-उडीद तुरीसारखेच चिवट, तेव्हा ते नेण्याआधी मिलवाल्यांना त्याची सवय आहे का ते विचारा.