कांदा बीजोत्पादनाच्या जाळीत हिरव्या माश्या : हंगामभर वापरल्यानंतर

सोलापूर भागात ऑक्टोबर-नोव्हेंबरला लावलेले गोट कांदे (बियाण्यासाठी पुन्हा लावलेले कांदे) फेब्रुवारीत गोंड्यावर, म्हणजे फुलांच्या गुच्छावर येतात. वाण शुद्ध ठेवायला 40 मेशची (इंचाला 40 छिद्रांची, बारीक) जाळी ओढली, की परागीभवनाची सोय आपल्यालाच करावी लागते. 3 बाय 3 मीटरच्या पिंजऱ्यात मधमाश्या रमत नाहीत. जाळीला धडका देत कोपऱ्यात मरून पडतात. शिवाय बाहेरून आणलेल्या मधमाशीच्या अंगावर परका पराग असू शकतो. आत ठेवलेल्या कोषातून निघालेली हिरवी माशी (सडक्या मांस-मासळीवर अंडी घालणारी) मात्र कोरी असते. आमचं मत तिच्या बाजूनं झुकलं ते यामुळेच. आमिष लावून बाहेरच्या माश्या धरून सोडल्या, तर हा फायदाच जातो.

कोष घरी होतात. उजनीच्या चिलापीची डोकी-आतडी बादलीत दिवसभर उघडी ठेवा, अंडी दिसली की जाळीदार कापड बांधा. तळाशी तीन बोटं लाकडाचा भुसा हवा. चार-पाच दिवसांत अळ्या भुशात उतरतात, मग कोष करतात, ते चाळून घ्या. वास असह्य असतो, त्यामुळे वस्तीपासून लांब. गोठ्यापासून तर फारच लांब, कारण या माश्या जनावरांच्या जखमेत अंडी घालतात.

10 ग्रॅममध्ये साधारण दोनशे-तीनशे कोष बसतात. एका पिंजऱ्याला आठवड्याला तेवढे पुरले. सगळे एकदम ठेवू नका. एकाच गोंड्यातली फुलं दोन-तीन आठवडे मागंपुढं उमलतात, आणि फुलात पराग आधी सुटतो, कुक्षी (पराग झेलणारं स्त्रीकेसराचं टोक) नंतर तयार होते. माश्यांची फळी मध्येच तुटली की गोंड्याचा एक भाग पोकळ राहतो. जास्तीचे कोष भाजीच्या कप्प्याइतक्या गारव्यात आठवडाभर थोपतात (अर्थात घरच्या फ्रिजमध्ये नव्हे). गडद झालेले थांबवू नका, ते लगेच फुटतात.

नुकसान बहुतेक मुंग्यांनी होतं. कोषांचा ट्रे तारेनं टांगा, तारेला ग्रीस लावा, वर सावली करा. मार्चच्या उन्हात उघडे कोष वाळून जातात. माश्यांना खायला ठेवलेल्या गुळाच्या पाण्यात स्पंज हवाच, नाहीतर माश्या बुडतात. साधं पाणीही वेगळं ठेवा. फुलकिड्यांची फवारणी फुलं उमलण्याआधी उरका. नंतर मारलेलं कीटकनाशक आधी माश्यांना संपवतं.

पाचपैकी चार गुण, तेही जाळीपुरतेच. मोकळ्या प्लॉटला माश्या सोडून उपयोग नाही, त्या उडून जातात. तिथं मधमाश्यांच्या पेट्याच ठेवा.