फिटनेस बँड, दहा महिन्यांनंतर: पळवायला घेतला, थांबवायला कामी आला

मागच्या दिवाळीत बँड घेतला, आता पोळा होऊन गेला. दहा महिने झाले. घेतल्या घेतल्या लिहिलं असतं तर पाच तारे देऊन मोकळी झाले असते, मार्चमध्ये लिहिलं असतं तर एकही दिला नसता.

माझं वय ४४. अकाउंट्सची नोकरी, म्हणजे दिवसभर खुर्ची. राहते नागपुरात, त्रिमूर्ती नगरच्या बाजूला. बँडच्या आधी वर्षभर, मधले काही महिने सोडले तर, घराजवळच्या मैदानावर चालत-पळत फेऱ्या मारायचे, आणि त्या मोजायला खिशात दहा खडे ठेवायचे. एक फेरी झाली की एक खडा बाकावर. पाच-सहा फेऱ्या झाल्या की नेमकं कोणीतरी बाकावर येऊन बसायचं आणि माझा हिशेब मातीत. भाच्याने एकदा हा प्रकार पाहिला. म्हणाला, "मावशी, काहून करून राहिली वं हे? बँड घे नं एखादा."

घेतला. ४,४९९ रुपये. यापेक्षा स्वस्तात पुष्कळ मिळतात, पण त्यातले बरेचसे अंतर मोजायला फोनचं जीपीएस वापरतात. म्हणजे फोन खिशात घेऊन पळा. बायकांच्या ट्रॅकपँटला खिसे कसे असतात ते शिवणाऱ्यालाच ठाऊक. म्हणून ज्यात स्वतःचं जीपीएस आहे तोच घेतला, आणि हा निर्णय आजही बरोबर वाटतो.

पहिले दोन महिने मी अक्षरशः त्या बँडची चाकरी केली. रोज दहा हजार पावलं पूर्ण झाली की तो थरथरतो, पडद्यावर फटाके फुटतात आणि सलग किती दिवस झाले तो आकडा एकाने वाढतो. त्या आकड्यापायी काय काय केलं ते सांगायला लाज वाटते. रात्री पावणेबाराला गच्चीवर पाण्याच्या टाकीभोवती गोल गोल फिरले आहे. सासूबाईंनी खालून विचारलं, "कोण मागं लागलं वं तुझ्या?" काय सांगणार, सातशे पावलं मागे लागली आहेत म्हणून?

ही पावलं खरी किती, तेही सांगते. आत एक संवेदक असतो, तो हाताचं हलणं ओळखतो, पायाशी त्याला घेणंदेणं नाही. बारा पोळ्यांची कणीक मळून लाटून झाली की माझी दीडशेक पावलं झालेली असतात. खड्ड्यांच्या रस्त्याने गाडी चालवली की तीही पावलं. उलट बर्डीच्या बाजारातून दोन्ही हातांत पिशव्या घेऊन तासभर हिंडून आले, पाय तुटायला आले, आणि बँड म्हणतो फार काही झालं नाही. हात हलले नव्हते ना.

पुढे वाचनात आलं की दहा हजारांचा हा आकडा कुठल्या वैद्यकीय अभ्यासातून आलेलाच नाही. १९६५ साली जपानमध्ये पावलं मोजायचं एक यंत्र विकायला आलं, त्याचं नाव 'मानपो-केई', म्हणजेच दहा हजार पावलं मोजणारं. नाव खपलं आणि आकडा जगभर झाला. जागतिक आरोग्य संघटना पावलं सांगतच नाही, मिनिटं सांगते. मोठ्यांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम किंवा ७५ ते १५० मिनिटं जोराचा व्यायाम. आणि मी टाकीभोवती फिरत होते.

सलग ६१ दिवस झाले. त्यात विश्रांती एक दिवस नाही, कारण सुट्टी घेतली की आकडा शून्यावर. बासष्टाव्या दिवशी उजव्या नडगीच्या आतल्या बाजूला असं दुखायला लागलं की जिना उतरताना कठडा धरावा लागला. डॉक्टरांनी हाडावर बोट दाबून पाहिलं आणि तीन आठवडे पळणं बंद म्हणून सांगितलं. त्या तीन आठवड्यांत बँड रोज संध्याकाळी आठवण करून द्यायचा, आज तुमचं उद्दिष्ट बाकी आहे. पाय दुखतो आहे हे त्याला सांगायची सोय या बँडमध्ये नव्हती. ही माझी पहिली आणि सगळ्यात मोठी तक्रार. तुमच्या बँडमध्ये विश्रांतीचा दिवस धरता येतो का, हे घेण्याआधी बघा. पडद्याचा रंग नंतर बघितला तरी चालतो.

आठवण करून देणाऱ्या सगळ्या सूचना बंद केल्या. फटाकेही. मग बँडमध्ये उरलं काय, तर अंतर, वेळ आणि नाडी. आणि खरा उपयोग इथून सुरू झाला.

नाडीचं थोडं सविस्तर सांगते, कारण इथेच बरेच जण फसतात. बँडच्या पोटाशी हिरवा दिवा लुकलुकतो. रक्त हिरवा प्रकाश शोषतं, ठोक्यागणिक मनगटातलं रक्त कमी-जास्त होतं आणि परत येणाऱ्या प्रकाशावरून बँड ठोके मोजतो. बसलेल्या माणसाला हे छान चालतं. पळताना गडबड. डिसेंबरच्या थंडीत मी सेमिनरी हिल्सच्या चढावर आरामात, मैत्रिणीशी भाजीच्या भावावर बोलत पळत होते आणि बँड दाखवत होता १७२. घाबरून थांबले. मानेवर बोटं ठेवून १५ सेकंद मोजले, ३४ ठोके. चारने गुणा, १३६. मग १७२ कुठून आले? माझी पावलं मिनिटाला साधारण तेवढीच पडतात. थंडीत कातडीतल्या रक्तवाहिन्या आकसतात, बँडला मिळणारी खूण क्षीण होते, त्यात पट्टा ढिला, मग बँड हाताच्या हिसक्यांनाच ठोके समजून बसतो. तेव्हापासून मनगटाच्या हाडाच्या दोन बोटं वर, पळण्यापुरता घट्ट बांधते आणि आधी दहा मिनिटं चालून हात गरम करते. फरक पडला. तरी आकडा अचानक उडी मारून पावलांच्या आकड्यावर चिकटला की मी अजूनही मानेवर बोटं ठेवते.

जीपीएसचंही ऐकून घ्या. मोकळ्या रस्त्यावर उत्तम. सेमिनरी हिल्सच्या झाडीत रेघ वाकडी होते. एका रविवारी उतरून फुटाळा तलावाच्या काठाने पळाले, तर नकाशात मी चांगली तीस-चाळीस मीटर पाण्यावरून गेले होते. मैत्रिणीने तो फोटो ठेवला आहे.

आता उन्हाळा. नागपूरचा उन्हाळा काय असतो हे नागपूरकरांना सांगायला नको आणि बाकीच्यांना सांगून पटत नाही. जानेवारीत मी किलोमीटरला साडेआठ मिनिटं या वेगाने पळायचे तेव्हा नाडी १४०-१४२. एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात, पहाटे सव्वापाचला, तोच रस्ता, तोच वेग, आणि नाडी १६१. तेच १७२ चं लफडं असेल म्हणून मानेवर मोजली. १६० च निघाली. गरमीत अंग थंड ठेवायला शरीर बरंचसं रक्त कातडीकडे वळवतं, घामाने पाणीही कमी होतं, मग तेवढ्याच कामाला हृदयाला जास्त ठोके द्यावे लागतात. आधीच्या उन्हाळ्यात मला एवढंच कळायचं की दम लागतो आहे. 'आपल्याने होत नाही' म्हणून मी मे महिन्यात सोडून दिलं होतं, ते थेट दसऱ्यापर्यंत.

या वेळी वेगाकडे बघणंच सोडलं. पडद्यावर फक्त नाडी ठेवली आणि ठरवलं, १४५ च्या वर गेली की चालायचं, १३० ला आली की पुन्हा पळायचं. १४५ हा आकडा अॅपने दिलेला नाही. अॅप २२० मधून वय वजा करतं, म्हणजे माझी कमाल १७६, आणि त्यावरून रंगीत पट्टे पाडून देतं. हे सूत्र सरासरीचं आहे, एकेका माणसात दहा-बारा ठोके सहज इकडे-तिकडे होतात. मी बोलून बघितलं. पूर्ण वाक्य न तोडता बोलता येतं तिथवर माझी नाडी १४५ असते. बस्स.

मे महिन्यात या हिशेबाने किलोमीटरला साडेदहा, कधी अकरा मिनिटं लागली. शेजारून आजोबा चालत पुढे गेले आहेत, खोटं सांगत नाही. पण घरी येऊन अंग मोडून पडलं नाही, म्हणून दुसऱ्या दिवशी उठवलं. माझं सातत्य टिकलं ते यामुळे. २५ मेच्या आसपास नवतपा, म्हणजे उन्हाचे सगळ्यात कडक नऊ दिवस, लागला तेव्हा मात्र नऊ दिवस सरळ सुट्टी. पहाटेही वारा गरम असतो तेव्हा.

उठण्यावरून आठवलं. साडेचारचा गजर हा बँड मनगटावर थरथरून देतो, आवाज नाही. कूलरच्या घरघरीत फोनचा गजर ऐकूच यायचा नाही, नाहीतर सगळं घर उठायचं. एकट्या या सोयीसाठी मी साडेचार हजारांपैकी दोन हजार वसूल धरते.

सकाळी उठल्याउठल्याची नाडी हीही कामाची निघाली. नोव्हेंबरात ७८ असायची, आता ६७-६८. जुलैत एक दिवस ७९ दिसली. बरं वाटत होतं, तरी पळायला गेले नाही. संध्याकाळी अंग तापलं. दर वेळी असंच होईल असं मुळीच नाही, पण आकडा आठ-दहाने वर असला की मी त्या दिवशी चालण्यावर भागवते. झोपेचे गुण, तणावाचे गुण वगैरे मी बघतच नाही. मार्च एंडिंगला रात्री साडेआठला ऑफिसात ताळा जुळत नव्हता तेव्हा याने मला दीर्घ श्वास घ्यायला सांगितलं होतं.

आता रडगाणं. खोक्यावर बॅटरी १४ दिवस लिहिली आहे. नाडी सतत चालू आणि आठवड्यात चार दिवस जीपीएस, तर सहा दिवस. रबरी पट्ट्याने एप्रिलमध्ये मनगटावर लाल कडं उठलं, वर घामोळ्या. बर्डीवरून अडीचशेचा कापडी पट्टा आणला, पळून आल्यावर साध्या पाण्याने धुते, मनगट कोरडं करूनच परत बांधते. कडं गेलं.

मोठं दुखणं पावसाळ्यात. चार्जिंगच्या दोन ठिपक्यांवर हिरवट-काळा थर चढला. जुन्या टूथब्रशने दोनदा घासून चालवला, तिसऱ्यांदा मेला तो मेलाच. ५ एटीएम लिहिलेलं असतं, त्याचा अर्थ ५० मीटर पाण्याइतका स्थिर दाब सोसेल. घामाच्या मिठाबद्दल त्यात काही नाही. सर्व्हिस सेंटरमधल्या मुलाने "मॅडम, पाण्यात घातला असेल" असं ऐकवलं. बिल, खोकं, फोटो, दोन चकरा. वॉरंटी होती म्हणून २३ दिवसांनी बदलून मिळाला.

ते २३ दिवस मला हवे होते असं आता वाटतं. पहिल्या आठवड्यात एकदाच गेले, आकडाच नाही तर कशाला, असं झालं. मग मैत्रीण म्हणाली, "बँड नाही तर पाय तं आहे नं?" तिच्यासोबत अंबाझरी तलावावर जायला लागले. बोलता येतं तोवर पळायचं, वाक्य तुटलं की चालायचं, हे बँडशिवायही जमलं. परत येताना तर्री-पोहे, म्हणून ती रविवार चुकवत नाही आणि मलाही चुकवू देत नाही. मैदानावर मात्र खडे परत काढावे लागले.

घ्यावा का? नुकतं सुरू करत असाल तर आधी पैसे बुटांत घाला. दोन-तीन महिने टिकलात आणि प्रत्येक वेळी दमून घरी येत असाल तर घ्या, जीपीएसवाला. घेतल्या दिवशी आठवण करून देणाऱ्या सगळ्या सूचना बंद करा. छातीत दुखणं, चक्कर असलं काही असेल तर बँडचा आकडा चांगला दिसतो म्हणून बसून राहू नका, डॉक्टर गाठा.

बदलून आलेला नवा बँड बाकी ठीक चालतो. फक्त आमच्या मैदानाची फेरी जुन्यावर ३८० मीटर भरायची, याच्यावर ३६५ भरते. मैदान तेवढंच आहे, मी जाऊन पाहिलं.